केसांविषयी विचारलंस म्हणून

अगं, बाकीचे लोक इकडे अमेरिकेत यायच्या आधी घरभाडं, गाडीचं लायसन्स आणि चांगला तांदूळ कुठे मिळतो ते विचारतात. तू विचारलंस केसांविषयी. न्यू जर्सीत, न्यूअर्कच्या हॉस्पिटलमधल्या ज्या युनिटमध्ये तू पुढच्या महिन्यात नर्स म्हणून रुजू होणार आहेस, तिथल्या बहुतेक जणी ब्लॅक आहेत. व्हिडिओ कॉलवर तुझ्या मॅनेजरचे केस दिसले आणि मागे बसलेल्या मामी "बाई गं, जटा!" म्हणाल्या. आता केसांविषयी काही बोललेलं चालतं का आणि सहा वर्षांच्या लेकीला काय सांगून ठेवू, हा तुझा प्रश्न. मी इथे चौदा वर्षं नर्स आहे, त्यातली नऊ न्यूअर्क आणि ईस्ट ऑरेंजमध्ये. मला जे माहीत आहे ते सांगते.

आधी मामींचा शब्द. आपल्याकडे जट म्हणजे आपोआप झालेला गुंता. मग कुणीतरी "देवीची आली" म्हणतं, बाई घाबरते आणि वर्षानुवर्षं ते ओझं मानेवर वागवते. अंनिसचे कार्यकर्ते घरोघरी जाऊन, समजूत घालून त्या जटा कापतात. आपल्या डोळ्यांत ते चित्र पक्कं बसलेलं आहे. तुझ्या मॅनेजरचे केस म्हणजे लॉक्स. ते तिने ठरवून केलेले आहेत: केसांचे नीट भाग पाडून, एकेक बट वळून. ते नियमित धुतले जातात, दर काही आठवड्यांनी मुळाशी पुन्हा वळले जातात आणि खांद्याखाली यायला वर्षं लागतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात २०२२ साली न्यायाधीश झालेल्या केतांजी ब्राउन जॅक्सन यांचे केससुद्धा असेच, बारीक लॉक्सचे आहेत. त्यामुळे "धुता येतात का?" हा प्रश्न मनातल्या मनातही विचारू नकोस.

मी विचारला होता. पहिल्याच महिन्यात आमच्या वॉर्डातली एक सीनियर नर्स दोन दिवसांच्या सुटीनंतर कमरेपर्यंत बारीक वेण्या घालून आली. मी "किती सुंदर!" म्हटलं, आणि बोलता बोलता एक वेणी हातात घेतली. "सगळे तुझेच आहेत? मग धुतेस कसे?" तिने माझा हात अलगद बाजूला केला आणि म्हणाली, "आज हात लावणारी तू तिसरी." बाकी काही नाही, पुन्हा चार्टिंग करायला लागली. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. आपण शेजारणीची वेणी हातात घेतो, लोकलमध्ये अनोळखी बाईला तेल कुठलं लावता म्हणून विचारतो. पण तिचा दिवस माझ्या हेतूवर चालत नव्हता. लहानपणापासून शाळेत, दुकानात, बसमध्ये कुणीही उठून तिच्या डोक्याला हात लावत आलं होतं, आणि त्यात मीही होते. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली. ती मैत्रीण झाली, पण त्याला दोन वर्षं लागली.

हे केस कसे असतात ते नर्स म्हणून समजून घे. घट्ट वळणाच्या केसांत टाळूचं तेल टोकापर्यंत उतरतच नाही, म्हणून ते कोरडे राहतात आणि ओढले की तुटतात. आपल्यासारखे दोन दिवसांआड धुतले तर आणखी कोरडे होतात. त्यामुळे आठवड्याने, दोन आठवड्यांनी धुणं हा आळस नाही, तीच त्यांची योग्य निगा आहे. त्या दिवसाला वॉश डे म्हणतात आणि त्यात खरंच अर्धा दिवस जातो. ओले असताना वीतभर लांब दिसणारे केस वाळले की आक्रसून कानापाशी येतात, म्हणून "तुझे केस वाढत नाहीत का?" हेही विचारायचं नाही. बारीक वेण्या घालायला सहा-सात तास बसावं लागतं. पुढे कित्येक आठवडे रोज विंचरण्याची ओढाताण होत नाही, हा त्याचा फायदा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्यासाठी केस म्हणजे सौंदर्य, फार तर शिस्त. त्यांच्यासाठी केस हा पोटापाण्याचा प्रश्न होता आणि अजून आहे. १७८६ साली लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने हुकूम काढला की मुक्त कृष्णवर्णीय स्त्रियांनी केस सजवायचे नाहीत, फडक्याने बांधायचे. त्या बायकांनी तेच फडकं रंगीत, झोकदार बांधून त्याचाच दागिना केला. त्यासाठी वापरलं जाणारं चौकड्यांचं कापड आपल्या मद्रासचं असायचं. पुढे १९८१ साली विमान कंपनीत काम करणारी एक बाई डोक्यालगतच्या वेण्या घालायला मनाई केली म्हणून न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेली आणि हरली. निकालात असंही नोंदवलं होतं की एका गोऱ्या अभिनेत्रीने सिनेमात तशा वेण्या घातल्यावर ती फॅशन लोकप्रिय झाली, आणि ही बाई त्यानंतर लगेच तशी कामावर आली. म्हणजे आजी-पणजीपासून चालत आलेली वेणी तिने सिनेमातून उचलली, असं सुचवलं गेलं. हे वाचताना अजूनही माझ्या अंगाची आग होते.

आणि हे जुनं झालं असंही समजू नकोस. अलाबामातल्या मोबील शहरात २०१० साली चॅस्टिटी जोन्स नावाच्या बाईला मिळालेली नोकरी लॉक्स कापायला नकार दिला म्हणून काढून घेतली. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली, कारण काय, तर वंश बदलता येत नाही, केशरचना बदलता येते. आपल्या न्यू जर्सीत डिसेंबर २०१८ मध्ये कुस्तीच्या सामन्याआधी सोळा वर्षांच्या एका मुलाला पंचाने सांगितलं, लॉक्स काप नाहीतर सामना सोड. भर जिममध्ये सगळ्यांसमोर ते कापले गेले. तो व्हिडिओ आमच्या ब्रेकरूममध्ये पाहिला तेव्हा कुणी एक शब्द बोललं नाही. बरोबर एका वर्षाने, १९ डिसेंबर २०१९ ला, राज्यात क्राउन कायद्यावर सही झाली. कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्कनंतर न्यू जर्सी तिसरं. वेण्या, लॉक्स, अफ्रो (म्हणजे मोकळे, गोल फुललेले केस) यांवरून नोकरीत किंवा शाळेत भेदभाव करणं इथे बेकायदा आहे. देशभरासाठी असा कायदा मात्र अजून नाही. २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाने मंजूर केला, सिनेटमध्ये अडला.

म्हणून कितीतरी जणींनी लहानपणापासून केस सरळ करणारी रसायनं लावली. टाळू भाजायची, खपल्या धरायच्या. २०२२ मध्ये तेहेतीस हजारांहून जास्त बायकांचा एक सरकारी अभ्यास प्रसिद्ध झाला. ही रसायनं कधीच न वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के, वारंवार वापरणाऱ्यांत ४.०५ टक्के असा अंदाज त्यात होता. तो आल्यावर आमच्या युनिटमधल्या एका पन्नाशीच्या बाईने केस पार बारीक कापले आणि नैसर्गिक वाढू दिले. पहिल्या आठवड्यात तीन जणांनी तिला "बरी आहेस ना?" म्हणून विचारलं. असं विचारणारी होऊ नकोस. नवीन केस दिसले तर "छान दिसतंय" म्हण आणि कामाला लाग. तारीफ चालते, चौकशी नाही. "आधीचे जास्त छान होते" हे तर नाहीच. ओळख वाढली की त्या आपणहून सांगतात.

एक गोष्ट मात्र आपली आहे. इथल्या दुकानांत केसांच्या पाकिटांवर "इंडियन" लिहिलेलं दिसेल. माझ्या आजीने तिरुपतीला केस दिले होते. तिथले केस लिलावात विकले जातात आणि त्यांचे विग, एक्स्टेन्शन होऊन जगभर जातात. हे मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ पाकीट हातात धरून गप्प बसली. मग आजीचं नाव विचारलं.

कामाचं सांगते, कारण हे तुला ओरिएंटेशनमध्ये नीट शिकवतीलच असं नाही. वॉर्डातला बारीक दातांचा कंगवा या केसांना लावू नकोस. रुंद दातांचा घे, केस ओले कर, भरपूर कंडिशनर लाव आणि टोकाकडून मुळाकडे सोडवत जा. रात्री सॅटिनची टोपी डोक्यावर असली तर ती राहू दे. उशीचं सुती कापड केसांतला ओलावा शोषून घेतं. माझ्या एका स्ट्रोकच्या पेशंटची टोपी कुणीतरी मळक्या कपड्यांत टाकली होती. सकाळी तिची मुलगी आली आणि आईचे केस पाहून रडली. त्या दिवशी मी चाळीस मिनिटं गुंता सोडवला, मुलीने शेजारी उभं राहून शिकवलं. कितीही गुंता असो, पेशंटच्या किंवा घरच्यांच्या परवानगीशिवाय कात्री लावायची नाही. एमआरआयच्या आधी वेण्यांत धातूचे मणी आहेत का ते विचार. वेण्यांखाली टाळू बघायची असेल तर आधी सांग, मग हात लाव.

आपल्या लोकांत बसशील तेव्हा ऐकशील. ओक ट्री रोडवरच्या आपल्या दुकानांत, गणपतीच्या जेवणात कुणीतरी "कल्लू" म्हणेल, कुणी केसांची नक्कल करेल. हसू नकोस. मी पहिली काही वर्षं गप्प बसले, त्याची मला लाज वाटते. आता तिथल्या तिथे, मोठ्या माणसांनाही सांगते.

लेकीला भाषण देऊ नकोस. शाळेत तिच्या शेजारी मण्यांच्या वेण्या घातलेली मुलगी बसेल, तिला ते मणी आवडतीलच. "आवडले तर सांग, हात नाही लावायचा" एवढंच सांग. आणि तिच्या स्वतःच्या केसांना "झिपऱ्या", "अवतार" म्हणणं बंद कर. तुझी लेक कुरळ्या केसांची आहे ना, फोटोत दिसली. तिला रोज ओढून-ताणून दोन वेण्या घालतेस त्या सैल घाल.

टेबलफॅन, कुकर काही आणू नकोस, इथे मिळतं. युनिफॉर्मचा रंग कळला की कळव, माझ्याकडे दोन जादा सेट आहेत.