क्रिकेट बोर्डाचा पदाधिकारी आयपीएल संघाचा मालक असला तर बिघडलं कुठे?

बिघडलं ते २०१३ मध्ये दिसलंच की! एन. श्रीनिवासन बोर्डाचे अध्यक्ष, आणि चेन्नई सुपर किंग्ज त्यांच्याच इंडिया सिमेंट्सची. जावई गुरुनाथ मय्यप्पन सट्टेबाजीत अडकले, तेव्हा कंपनी म्हणाली, ते तर संघाचे नुसते मानद सदस्य! बोर्डाने दोन निवृत्त न्यायाधीश नेमले आणि क्लीन चिट आली. म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. मुंबई उच्च न्यायालयाने ती समितीच बेकायदा ठरवली.

पण खरी गोम २००८ ची. बोर्डाच्या नियम ६.२.४ नुसार पदाधिकाऱ्याला बोर्डाच्या सामन्यांत आर्थिक हितसंबंध ठेवता येत नव्हते. श्रीनिवासन खजिनदार असताना कंपनीने संघ घेतला, आणि त्याच वर्षी नियमात 'आयपीएल वगळून' एवढी पाचर मारली गेली. दोन-चार शब्दांचं काम! जानेवारी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. पुढे न्यायालयानेच नेमलेल्या लोढा समितीने सट्टेबाजीपायी चेन्नई आणि राजस्थान या संघांना दोन वर्षं बाहेर बसवलं.

धंदा करायला कुणाची ना नाही. पण पंच नेमणारा आणि संघ उतरवणारा एकच असेल, तर पायचीतच्या प्रामाणिक निर्णयावरही प्रेक्षक डोळे बारीक करून बघणार.