कोटेशन आधी, पेढे नंतर

चि. बाय हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप मिळाला. वेर्ण्याची नोकरी पक्की झाली आणि डिचोलीहून रोज बसा बदलत जाणं आता जमत नाही म्हणून गाडी घ्यायची ठरवलीस, हे वाचून फार बरं वाटलं. तू विचारलंस, "मावशी, भाव कसा करू? शोरूममध्ये गेले की मला बोलताच येत नाही." म्हणून जरा सविस्तर लिहिते. बँकेत कर्जाच्या टेबलावर मी बावीस वर्षं बसले, गाड्यांची शेकडो कोटेशनं माझ्या हाताखालून गेली. त्यातली कितीतरी वाचून जीव हळहळायचा, पण तोवर खाली सही झालेली असायची.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आई बांगडे घेते ते तू लहानपणापासून पाहिलंयस. मासळीवाली वाट्याचा दर सहसा सोडत नाही. आई उठायला लागली की ती वाट्यात दोन बांगडे वाढवते. गाडीचंही तसंच आहे. एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रोड टॅक्स, नोंदणी आणि विमा धरण्याआधीची, कंपनी ठरवते, समोरच्या विक्रेत्याच्या हातात ती नसते. त्या किमतीवर घासाघीस करणाऱ्याची शक्ती तिथेच संपते. तुझं लक्ष वाट्यावर हवं, म्हणजे गाडी रस्त्यावर येईपर्यंत तू एकूण किती रुपये देणार त्या एका आकड्यावर. आणि वाढवून दिलेला बांगडा ताजा आहे का तेही आई बघतेच. सीट कव्हर, मॅट, परफ्यूमची डबी असं 'वीस हजारांचं फुकट' मिळालं की हुरळून जाऊ नकोस. ते वीस हजार शोरूमच्या छापील भावाने मोजलेले असतात. तेच सामान म्हापशात किंवा मडगावात बाहेर बरंच स्वस्त मिळतं. म्हणून सरळ सांग, "सामान नको, तेवढी रक्कम बिलातून कमी करा."

माझी पहिली गाडी मी २००९ मध्ये घेतली. पंचवीस हजारांची सूट मिळाली म्हणून घरी पेढे वाटले. आठवड्याने शांतपणे कागद लावून बसले तेव्हा कळलं की विमा बाहेरच्यापेक्षा अकरा हजारांनी महाग लावला होता, न मागितलेलं सामान नऊ हजारांचं होतं आणि 'हँडलिंग' म्हणून साडेचार हजार वेगळे. सूट एका हाताने दिली आणि दुसऱ्या हाताने जवळजवळ सगळी परत घेतली. बँकेत काम करणारी बाई मी, रोज दुसऱ्यांची कोटेशनं तपासणारी, आणि स्वतःचं तपासलं नाही, कारण त्या दिवशी मी आनंदात होते. तुझ्या बाबतीत असं होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

तेव्हा पहिलं काम: ओळीओळीचं कोटेशन लेखी घे, शोरूमच्या लेटरहेडवर किंवा ईमेलवर. विक्रेत्याने वहीच्या पानावर खरडलेले आकडे कोटेशन नव्हेत. एक्स-शोरूम, रोड टॅक्स आणि नोंदणी, विमा, फास्टॅग, वाढीव वॉरंटी, सामान, सूट, हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं हवं. रोड टॅक्स आणि नोंदणी फी सरकारी आहे, त्यात घासाघीस नाही, पण पावती जेवढ्याची तेवढेच पैसे द्यायचे. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक्स' ही कुठलीही सरकारी फी नाही. गाडी गोदामातून शोरूमपर्यंत आणणं हा त्यांच्या धंद्याचा खर्च आहे, ती ओळ काढायला सांग. एक्स-शोरूम दहा लाखांच्या वर गेली तर एक टक्का टीसीएस, म्हणजे विकतानाच विक्रेत्याने गोळा करायचा कर, लागतो. तो कायद्याने घेतात, पण तो तुझ्या नावावर जमा होतो आणि आयकर विवरणपत्र भरताना वळता होतो. बँकेत येणाऱ्या नोकरदार मुलांपैकी कितीजण तो मागायलाच विसरायचे!

तुझ्या चुलतभावाने २०२४ मध्ये घेतलेल्या गाडीचा भाव मात्र मनात धरू नकोस. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपेक्षा आखूड आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस होता तो १८ टक्क्यांवर आला. तू बघते आहेस त्या गाड्या त्यातच बसतात. त्याच्या बिलापेक्षा तुझं बिल कमी आलं तर ती सूट सरकारची आहे. शोरूमकडून मागायची ती त्यानंतर.

विम्यावर जरा थांबते, कारण कोटेशनमध्ये सगळ्यात जास्त हवा याच ओळीत भरलेली असते. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा, २०१८ पासून सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सरकारने ठरवलेला, कुठेही घेतलास तरी तोच. फरक पडतो तो तुझ्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात. शोरूमकडूनच विमा घ्यायची तुझ्यावर कुठलीही सक्ती नाही. आधी घरी बसून दोन-तीन कंपन्यांचे दर ऑनलाइन काढ, पण तुलना सारख्याला सारख्याशी कर. गाडीची विम्यातली किंमत, म्हणजे आयडीव्ही, आणि जोडलेली संरक्षणं दोन्हीकडे तीच हवीत. आयडीव्ही खाली ओढून हप्ता स्वस्त दाखवणं फार सोपं असतं. "बाहेरून विमा घेतलात तर कॅशलेस मिळणार नाही" असं कोणी म्हणालं तर घाबरू नकोस. कॅशलेस, म्हणजे वर्कशॉपचं बिल विमा कंपनीने परस्पर भरणं, हे विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार आहे की नाही यावर अवलंबून असतं, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. आपल्याकडच्या पावसाचा विचार करून झिरो डेप्रिसिएशन (भाग बदलताना घसारा न कापणारं) आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनाच्या नुकसानीचं) ही दोन संरक्षणं घेच. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायला गेलं आणि इंजिनात पाणी शिरलं, तर साधी पॉलिसी ते नुकसान भरून देत नाही. २०२१ च्या जुलैत सत्तरी-डिचोलीत पूर आला तेव्हाची पाण्यात उभी असलेली वाहनं तुला आठवत असतील.

आता माझा स्वतःचा विषय, कर्ज. विक्रेता तुला विचारेल, "मॅडम, महिन्याला किती हप्ता झेपेल?" या प्रश्नाचं उत्तर देऊच नकोस. एकदा का तू "दहा हजार" म्हणालीस की तो कुठलीही गाडी, कुठलंही सामान त्या दहा हजारांत बसवून दाखवेल, फक्त वर्षं वाढवत नेईल. पाच लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता साधारण १०,३८० रुपये येतो आणि व्याज सव्वा लाखाच्या आत राहतं. तेच सात वर्षांवर नेलंस तर हप्ता ८,०४५ वर उतरतो, ऐकायला गोड वाटतं, पण व्याज पावणेदोन लाखांच्या वर जातं. आणि 'फ्लॅट' हा शब्द कानावर पडला की सावध हो. फ्लॅट ९ टक्के म्हणजे पाच वर्षं पूर्ण पाच लाखांवर व्याज, सव्वादोन लाख रुपये! घटत्या शिलकीवरचा दर कोणता एवढंच विचार. शोरूममधून कर्ज लावलं की त्यांना बँकेकडून मोबदला मिळतो. त्यात गैर काही नाही, पण तो तुझ्या दरात मिसळलेला नसावा. आपल्या पगाराच्या बँकेतून आधी मंजुरीपत्र घे, ते पर्समध्ये ठेव, आणि गाडीचा भाव पूर्ण ठरल्यावरच बाहेर काढ. मग त्यांना म्हण, याहून कमी दर देता का ते बघा. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास लागणारा आकार तेव्हाच विचारून घे.

कधी जायचं? इथे मी जुन्या पठडीच्या लोकांशी जरा वेगळं बोलते. चवथीच्या तोंडावर आणि दसऱ्याच्या आठवड्यात शोरूम गजबजलेलं असतं, तेव्हा तुला कोणी पाच मिनिटंही नीट देणार नाही. अनंत चतुर्दशी झाली की म्हाळाचे दिवस, म्हणजे पितृपक्ष, लागतात, आपली माणसं नवीन वस्तू घेत नाहीत, आणि शोरूम ओस पडतं. महिन्याचं टार्गेट मात्र विक्रेत्याच्या मानेवर तसंच असतं. त्या पंधरवड्यात जा. आईला खरेदी पटणार नाही हे मला माहीत आहे आणि तिचं मन मोडायचंही नाही. पण बोलणी करायला कुठलंच शास्त्र आड येत नाही. पितृपक्षात भाव ठरव, कोटेशनवर 'दसऱ्यापर्यंत ग्राह्य' असं लिहून घे, घटस्थापनेला टोकन दे, आणि दसऱ्याला गाडी आणून दारात पूजा कर. टोकन परत मिळण्याची अट पावतीवर लिहिलेली हवी. डिसेंबरमध्येही सूट मोठी असते, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, वर्ष जुनं लागतं आणि विकताना ते एक वर्ष कापलं जातं. दहा वर्षं वापरणार असशील तर हरकत नाही, चार वर्षांत बदलणार असशील तर ती सूट दिसते तेवढी मोठी नसते. ज्या गाडीला महिनोन्‌महिने वेटिंग आहे तिच्यावर सूट मागत बसू नकोस, तिथे नको त्या ओळी काढून घेतल्यास तरी पुष्कळ.

बाबांची जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची आहे ना? नव्या गाडीचा भाव लेखी ठरेपर्यंत तिचा विषयच काढू नकोस. दोन्ही एकदम बोललीस की एकीकडे वाढवून दुसरीकडे कापतात आणि हिशेब कोणालाच कळत नाही. गाडीची किंमत वेगळी आणि कंपनीचा एक्स्चेंज बोनस वेगळा, दोन्ही आकडे सुटे मागून घे. बोनससाठी वडील-मुलगी हे नातं बहुधा चालतं, पुरावा मागतात. बाहेरच्या दोन खरेदीदारांनाही गाडी दाखव. विम्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र बाबांच्या नावाचा आहे, तो तुला मिळणार नाही. ते पुन्हा गाडी घेणार असतील तर विमा कंपनीकडून पत्र घेऊन ठेवू देत, तीन वर्षं चालतं.

आणि बाय, बाबांना बरोबर ने, पण बोलायचं तू. विक्रेता तुझ्या प्रश्नाचं उत्तर बाबांकडे बघून देईल. मी हे चाळिशीत अनुभवलं, अजूनही बदललेलं नाही. रागावू नकोस, आवाज चढवू नकोस. "गाडी माझ्या नावावर आहे, हप्ते मी भरणार आहे, मला सांगा," एवढं म्हण आणि वही उघड. पर्वरी, म्हापसा, मडगाव इथे एकाच कंपनीचे वेगवेगळे डीलर असतील तर तिन्ही ठिकाणची कोटेशनं त्या वहीत असू देत. मग एकच वाक्य: "ऑन-रोड एवढ्यात देत असाल तर आज ठरवते." आकडा सांगून झाल्यावर गप्प बस. ही शांतता तुला फार जड जाईल, तुझा स्वभाव मला माहीत आहे, पण ती मोडू नकोस. तो मॅनेजरला विचारायला आत जाईल, जाऊ दे. परत येऊन मधला आकडा सांगेल. तो तुझ्या ठरवलेल्या मर्यादेत नसेल तर आभार मानून नंबर देऊन ये. महिनाअखेर जवळ असेल तर फोन येण्याची शक्यता चांगली असते. तो मुलगाही कुणाच्या घरचा पोटासाठी राबणारा आहे, त्याचा अपमान होईल असं काही बोलू नकोस. पुढची दहा वर्षं सर्व्हिसिंगला त्याच दारात जायचं आहे.

कंपनीतून लीजवर गाडी घेता येते म्हणालीस. महिन्याचं भाडं गुणिले महिने, अधिक अनामत, अधिक शेवटी गाडी ठेवून घ्यायची तर द्यावी लागणारी रक्कम, असा एकूण आकडा काढून कर्जाच्या आकड्याशेजारी ठेव. किलोमीटरची मर्यादा बघ. तुझं डिचोली-वेर्णा येणं-जाणंच मोठं आहे. नोकरी सोडली तर काय, हेही विचार. नवी नोकरी असताना मी तरी लीज सुचवणार नाही.

मन जुन्या गाडीकडे वळलं तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली भाड्याची गाडी नंतर खाजगी करून विकलेली नाही ना, हे आरसीवरून तपास. कर्जाचा बोजा परिवहनच्या संकेतस्थळावर दिसतो. गाडी लिफ्टवर चढवून पोट बघ, किनाऱ्यालगत उभी राहिलेली गाडी खालून खारट हवेने खाल्लेली असते.

टेस्ट ड्राइव्ह घेशील तेव्हा घरची चार माणसं बसवून घे. चोडणच्या फेरीवर ओहोटीच्या वेळी चढताना गाडीचं पोट घासतं की नाही ते रिकाम्या गाडीत कळत नाही. आणि शेवटचे पैसे भरण्याआधी, नोंदणी होण्याआधी, गाडी दिवसाउजेडी स्वतः बघ: चासी नंबर, उत्पादनाचा महिना, किलोमीटर, रंगावरचे ओरखडे. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. टायर गाडीपेक्षा खूप जुने दिसले तर कारण विचार.

कोटेशनं मिळाली की मला फोटो पाठव. उजेडात काढ, खालची बारीक अक्षरं वाचता आली पाहिजेत. रविवारी सकाळी मी घरीच असते, चहाला ये, तिन्ही समोर ठेवून एकेक ओळ बघू. तोवर कुठेही टोकन देऊ नकोस.

तुझी,
मावशी