वाचक विचारतात : बसच्या नोंदी मागायच्या कशा?

प्रश्न : आमच्या मार्गावर संध्याकाळी ठरलेल्यापैकी किती फेऱ्या प्रत्यक्षात होतात, हे माहिती अधिकारात पीएमपीएमएलकडे (पुणे आणि पिंपरी-चिंचवडची बससेवा) विचारायचे आहे. मसुदा असा केला आहे : ‘बस वेळेवर का येत नाहीत? जबाबदार कोण? काय कारवाई करणार?’ एवढे पुरेल का? (कोथरूड)

उत्तर : नाही पुरणार. ‘मागणी माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे एका ओळीचे उत्तर येईल, आणि ते चूकही नसेल. २००५च्या कायद्याच्या कलम २(च)प्रमाणे माहिती म्हणजे कार्यालयाकडे आधीच असलेला कागद, नोंदवही, संगणकातला तपशील. ‘का’चे उत्तर फाइलमध्ये लिहिलेले असेल तरच मिळते. तुमच्यासाठी नव्याने मत तयार करायला किंवा आकडेमोड करून द्यायला अधिकारी बांधील नाही.

म्हणून उत्तर मागू नका, कागद मागा. मार्ग क्रमांक, दिशा, वेळ आणि तारखा लिहून पुढील नोंदींच्या प्रमाणित प्रती मागा : त्या मार्गाचे मंजूर वेळापत्रक; संध्याकाळी ५ ते ९ या वेळेत सुटलेल्या फेऱ्यांची आगारातली रोजची नोंद; रद्द झालेल्या फेऱ्या आणि नोंदवलेले कारण; त्याच तारखांची ब्रेकडाऊनची नोंद. नोंदवहीचे नेमके नाव माहीत नसेल, तर ‘किंवा ही नोंद ज्या नावाने ठेवली जाते ती’ असे जोडा. या आठ शब्दांमुळे ‘अशी नोंदवही नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

तारखा मात्र आवरा. वर्षभराच्या नोंदी मागितल्या की ‘येऊन पाहून जा’ असे पत्र येते. सलग १४ दिवस घ्या. त्यात शनिवार-रविवारही येतात आणि पाने हातात मावतात. प्रत पानाला २ रुपये पडते. कागद फार असतील तर आपणच आधी तपासणी मागावी, हवी ती पाने खुणेने ठरवावीत आणि तेवढ्याच प्रती घ्याव्यात. तपासणीचा पहिला तास फुकट असतो.

अर्ज ‘जोडपत्र अ’च्या नमुन्यात करा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जाला एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. रद्द फेऱ्या आणि थांब्याचे छप्पर एकाच अर्जात कोंबू नका. दुसरे १० रुपये खर्च करा. फीसाठी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प सर्वांत सोपा. (रेव्हेन्यू तिकीट लावणारे दर महिन्याला भेटतात. ते चालत नाही.) माहिती कशासाठी हवी, हे लिहायची गरज नाही, कलम ६(२) तसे स्पष्ट सांगते. अर्ज स्वारगेटच्या मुख्य कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ‘ही माहिती आगाराकडे आहे, तिकडे जा’ हे कारण होत नाही. आतल्या विभागाकडून ती मिळवणे हे त्याच अधिकाऱ्याचे काम आहे.

प्रश्न : बसमध्ये मोबाइल चोरीला गेला. सीसीटीव्हीचे चित्रण माहिती अधिकारात मिळेल का? (हडपसर)

उत्तर : त्या वाटेने जाऊ नका. कायद्यात उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि बसमधल्या साठवणुकीवर जुन्या चित्रणावर नवे चढत जाते. शिवाय इतर प्रवाशांचे चेहरे दिसतात म्हणून ८(१)(ञ)खाली आणि तपास चालू आहे म्हणून ८(१)(ज)खाली नकार येऊ शकतो. आधी पोलिसांत तक्रार करा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४खाली पोलिसांना चित्रण मागवता येते. त्याच दिवशी आगार व्यवस्थापकाला ‘हे चित्रण जपून ठेवावे’ असे पत्र द्या आणि पोच घ्या. पत्रात बसचा क्रमांक, मार्ग, दिशा, चढल्या-उतरल्याची वेळ हवी. तिकिटाचा फोटो लगेच काढून ठेवा. तो कागद उष्णतेने छपाईचा असतो, खिशात राहिला की अक्षरे उडतात.

प्रश्न : एका सार्वजनिक कार्यालयात अर्ज देऊन ४० दिवस झाले, उत्तर नाही. आता? (सिंहगड रस्ता)

उत्तर : आधी एक खात्री करा. मधल्या काळात प्रतींची फी भरा असे पत्र आले होते का? पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३०मध्ये धरत नाहीत. तसे पत्र नसेल तर मौन म्हणजेच नकार, कलम ७(२). मुदत संपल्यापासून ३० दिवसांत त्याच कार्यालयाच्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे ‘जोडपत्र ब’ भरून २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह अपील करा. सोबत अर्जाची आणि पोचेची प्रत जोडा. मुदत उलटल्यामुळे आता माहिती फुकट द्यायची असते, कलम ७(६). ही मागणी अपिलात लिहा, लिहिल्याशिवाय कोणी आठवण ठेवत नाही.

अपिलाचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. नाही लागला किंवा पटला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरे अपील. दिवसाला २५०, कमाल २५,००० रुपये दंड लावण्याचा अधिकार फक्त आयोगाला आहे आणि तो दंड तुमच्या खिशात येत नाही. तिथे नंबर लागेपर्यंत बराच काळ जातो. मूळ अर्जच ‘का आणि कोण’ अशा धाटणीचा असेल, तर अपिलाच्या २० रुपयांपेक्षा १० रुपयांचा नवा, नीट लिहिलेला अर्ज लवकर फळतो.

प्रश्न : थांब्याजवळचा उखडलेला पदपथ कोणाकडे विचारायचा? (धनकवडी)

उत्तर : पदपथ महापालिकेचा, तेव्हा अर्जही तिथेच. चुकून बसच्या कार्यालयात दिलात तरी त्यांनी ५ दिवसांत तो योग्य जागी पाठवायचा असतो, कलम ६(३). बसच्या जुन्या मार्गाचे कागद हवे असतील तर अर्जात काळ लिहा : २००७ला दोन्ही शहरांच्या बससेवांचे एकत्रीकरण झाले, त्याआधीच्या नोंदी पुण्याच्या पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडच्या पीसीएमटी या नावांनी आहेत.