शेतांच्या भागातून एका दिवसात १६० किलोमीटर सायकल चालवायची आहे. रस्ता सपाट असेल तर हे कितपत अवघड आहे?

तुम्हाला रोज तीस-पस्तीस किलोमीटरची सवय आहे, रस्ता शेतांमधून जातो आणि चढ जवळजवळ नाहीत. तेव्हा ८० किलोमीटर जाऊन त्याच दिवशी परत येणे जमेल का, असा तुमचा प्रश्न आहे. जमेल. ऑडॅक्स पद्धतीच्या दीर्घ पल्ल्याच्या सायकलस्वारीत २०० किलोमीटरसाठी सगळे थांबे धरून साडेतेरा तास दिले जातात, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरची सरासरीही पुरते. मात्र रस्ता सपाट आहे म्हणून तो सोपा जाईल, हा तुमचा हिशेब मला पटत नाही, कारण तोच हिशेब करून मी पहिल्यांदा निघालो होतो.

त्या दिवशी पहिले ८० किलोमीटर मी तीन तासांत कापले आणि आपली तयारी अपेक्षेपेक्षा बरीच चांगली झाली आहे, असा माझा समज झाला. परत फिरण्यासाठी सायकल वळवली, तेव्हा कानांत घोंघावणारा वारा पहिल्यांदाच ऐकू आला आणि सकाळपासून मला कोण ढकलत होते ते कळले. मोकळ्या शिवारात वाऱ्याला अडवणारे काहीच नसते. चढ निदान संपतो तरी, पण समोरचा वारा तीस-चाळीस किलोमीटर साथ सोडत नाही. हवेचा विरोध हवेच्या सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे तुम्ही ताशी २० किलोमीटरने जात आहात आणि समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आहे, तर शांत हवेच्या तुलनेत हा विरोध सुमारे तिप्पट होतो. जाताना वाचलेला वेळ येताना पुरता वसूल होतो, आणि वर व्याजही लागते: जाताना ताशी २६ आणि येताना ताशी १५ अशी गती पडली, तर एकूण साडेआठ तासांच्या आसपास लागतात, वारा नसता आणि दोन्ही वेळा ताशी २१ ची गती राहिली असती, तर साडेसात तासांपेक्षा थोडे जास्त लागले असते.

म्हणून आदल्या रात्री अंतरापेक्षा वाऱ्याची दिशा पाहा आणि शक्य असेल तर सकाळी वाऱ्याच्या तोंडावर जाऊन दुपारी वारा पाठीशी घेऊन परत या. पहाटे जमिनीलगतची हवा सहसा शांत असते. ऊन तापले की जमिनीवरची हवा वर चढते, वरचा वेगवान वारा खाली मिसळतो आणि दुपारी जोर वाढतो. उजाडता उजाडता निघण्याचा खरा फायदा हा आहे, ऊन टळते ते वेगळेच. समोरचा वारा लागला की वेगाचा आकडा पाहणे सोडून द्या, एक-दोन गिअर हलके करा, कोपरे वाकवून खाली झुका आणि पेडलची गती मिनिटाला ऐंशीच्या आसपास राहू द्या. जड गिअरवर रेटत राहिलात, तर फुप्फुसांच्या आधी गुडघे तक्रार करतील.

पाठीच्या वाऱ्याचीही एक खोड आहे. वारा आणि सायकल यांचा वेग सारखा झाला की अंगाला हवाच लागत नाही, घाम वाळत नाही आणि अकारण उकडू लागते; पाणी कमी पडते ते बहुधा अशाच टप्प्यात. पाटाचे किंवा कालव्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी पिऊ नका, त्यात खते आणि कीटकनाशके उतरलेली असू शकतात; वस्ती दिसली की दोन्ही बाटल्या भरून घ्या, अर्धी उरली असली तरी. खाण्याचे सांगायचे तर शरीरातला कर्बोदकांचा साठा दिवसभर पुरत नाही, म्हणून भुकेची वाट न पाहता पहिल्या तासापासूनच दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जाऊ द्या.

हंगामात रस्ताही शेताचाच भाग होतो. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल ओला असताना साबणासारखा निसरडा होतो, आणि सांडलेल्या धान्यावर वळताना ब्रेक दाबला तर चाक सरकलेच म्हणून समजा. फवारणी चालू दिसली तर ती संपेपर्यंत वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला थांबा. काट्यांबाबत माझी चूक सांगतो. पंक्चर झाल्यावर मी घाईने नवी ट्यूब घातली आणि दहा मिनिटांत तीही बसली. टायर उलटा करून आतून हळूहळू बोट फिरवले, तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढे काट्याचे टोक लागले. बाहेरून ते रबरात इतके मुरले होते की दिसतच नव्हते. शेवटी नेलकटरने धरून ओढून काढले. तेव्हापासून दोन ट्यूब, ठिगळांची डबी, पंप आणि नेलकटर माझ्या पिशवीत कायम असतात.

सपाट रस्त्यावर आणखी एक त्रास होतो. उतार नसल्यामुळे पेडल मारणे थांबत नाही आणि बैठकही बदलत नाही. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले तर तळहातावरचा दाब बदला आणि दर दहा मिनिटांनी काही क्षण सीटवरून उठून चालवा.

त्या पहिल्या दिवशी शेवटचे तीस किलोमीटर उरले असताना मी एका झाडाखाली चक्क तासभर बसून राहिलो होतो. सूर्य कलल्यावर वारा आपोआप पडला आणि उरलेले अंतर सकाळच्याच सहजतेने पार झाले, पण शेवटचा टप्पा अंधारात गेला आणि त्याच वेळी शेतांवरून परतणारे, मागचे दिवे नसलेले ट्रेलर रस्त्यावर होते. तेव्हा दिवसाउजेडी परतण्याचा बेत असला तरी पुढचा आणि मागचा, दोन्ही दिवे चार्ज करूनच निघा.