नव्या एपीपींनो (अतिरिक्त सरकारी वकिलांनो), आधी एवढंच सांभाळा

अभिनंदन भाऊ! नागपूर खंडपीठात कैद्यांचे अर्ज सांभाळायचे म्हणजे आधी कागद.

फर्लो-पॅरोलची, म्हणजे कैद्याच्या तात्पुरत्या रजेची, रिट याचिका हाती आली की जेलकडून नॉमिनल रोल, म्हणजे कैद्याचा नोंदपट, मागवा. भोगलेली शिक्षा, अंडरट्रायल (खटला चालू असताना कोठडीत काढलेल्या) दिवसांची वजावट, मागच्या रजेवरून गडी वेळेवर परतला की पोलिसांनी धरून आणला, सगळं त्यात असतं. कोर्ट पहिल्यांदा तेच विचारतं.

पोलीस अहवाल जसाच्या तसा उत्तरात उतरवणं, ही नव्यांची ठरलेली चूक. ‘गावात शांतताभंगाची शक्यता’ एवढंच असेल तर ठाणेदारांना विचारा: जबाब कुणाचे, कोणत्या तारखेचे? एटापल्ली-धारणीसारख्या दुर्गम भागातले कागद नागपूरला यायला वेळ लागतो. नोटीस मिळाली त्याच दिवशी फोन लावा.

शिक्षा स्थगितीच्या अर्जावर खटला पुन्हा चालवू नका. गुन्हा फाशी, जन्मठेप किंवा किमान दहा वर्षांच्या शिक्षेला पात्र असेल तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम ४३० खाली लेखी विरोधाची संधी मिळते. ती तारखा मागण्यात घालवू नका.

आणि सरसकट विरोध कशाला? पात्र कैद्याची रजा अडवली की बोलणी आपल्यालाच खावी लागतात. मुदतपूर्व सुटकेचे शासन निर्णय मात्र सध्या बाजूलाच ठेवा, तिथं मुरलेले वकीलही चकतात.