वाचकांचे प्रश्न : हे चुंबकत्व थराचं की चिमट्याचं?

प्रश्न : सफायरच्या ५ × ५ × ०.५ मिमी तुकड्यावर २० नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर दिला आहे. स्क्विड मॅग्नेटोमीटरवर (अतिसूक्ष्म चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर) ३०० केल्विनला मोजमाप करून सब्स्ट्रेटचा, म्हणजे थराखालच्या सफायरचा, सरळ रेषेतला उतार वजा केला, तर ०.००००२ ईएमयूला (चुंबकत्वाचं एकक) संपृक्त होणारा, म्हणजे तिथे वाढ थांबणारा लूप (क्षेत्र मागेपुढे नेताना आलेखात उमटणारं वेटोळं) मिळतो. कोएर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र, २५ ओर्स्टेड (१ टेस्ला म्हणजे १०,००० ओर्स्टेड). शिवाय तापमान बदलत मोजलं की ४५ केल्विनच्या आसपास उंचवटा दिसतो. याला लोहचुंबकत्व म्हणता येईल का?

उत्तर : एवढ्यावर नाही. आधी आकडे शेजारी ठेवून बघा. तुमच्या सफायरचा प्रतिचुंबकीय (क्षेत्राच्या उलट दिशेचा, क्षीण) संदेश १ टेस्लाला सुमारे ०.०००१८ ईएमयू असतो, म्हणजे तुम्ही शोधताय त्याच्या नऊपट. आणि ०.००००२ ईएमयूसाठी लोखंड लागतं जेमतेम ०.१ मायक्रोग्रॅम. स्टीलच्या चिमट्याने कड धरली की एवढं लोखंड सहज चिकटतं. त्यामुळे चिमटा प्लास्टिकचा किंवा टायटॅनियमचाच वापरा. थर देताना मागे सिल्व्हर पेस्ट लावली असेल तर ती पूर्ण काढा. हा संशयित बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

खरी कसोटी दोन गोष्टींची. पहिली, त्याच बॅचचा कोरा सब्स्ट्रेट त्याच चेंबरमध्ये तितकाच तापवून, त्याच चिमट्याने हाताळून मोजा. दुसरी, २०, ४० आणि ८० नॅनोमीटरचे थर करा. थराच्या अंतर्भागातलं चुंबकत्व जाडीच्या प्रमाणात वाढायला हवं. तिन्हींचा संदेश जवळपास सारखाच आला, तर त्याचं मूळ पृष्ठभागावर, सीमेवर किंवा बाहेरच्या मळात शोधा. आमच्या मते ही कसोटी टाळून निष्कर्ष छापणं योग्य नाही.

उतार २ ते ५ टेस्लाच्या पट्ट्यातूनच काढा. ५ केल्विनला मात्र सफायरमधली क्रोमियम-लोहाची अशुद्धी समचुंबकीय (क्षेत्राच्या दिशेने झुकणारा, पण क्षेत्र काढलं की नाहीसा होणारा) वक्र देते. तिथे सरळ रेषा वजा केली की उरतो तो ‘एस’ आकार, जो हुबेहूब संपृक्त होणाऱ्या चुंबकासारखा दिसतो. त्या तापमानाला कोऱ्या सब्स्ट्रेटचा पूर्ण वक्रच वजा करावा लागतो.

२५ ओर्स्टेडवर तर मुळीच विसंबू नका. ५ टेस्लापर्यंत जाऊन परतलेल्या, यंत्रातल्या अतिवाहक चुंबकात फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) अडकून राहतो. पडद्यावर शून्य दिसत असताना नमुन्यावर काही दहा ओर्स्टेडचं उलट दिशेचं क्षेत्र असू शकतं. लूप उलटा फिरताना दिसला तर कारण बहुधा हेच. पॅलेडियमचा प्रमाण नमुना त्याच क्रमाने मोजा, त्यावरून खरं क्षेत्र काढा आणि आलेखाचा क्षेत्राचा अक्ष दुरुस्त करा.

४५ केल्विनचा उंचवटा बहुधा ऑक्सिजनचा. घन ऑक्सिजनचं रूप ४३.८ केल्विनला बदलतं आणि तिथे त्याची चुंबकीय ग्रहणशीलता एकदम बदलते. नमुना ३०० केल्विनला असतानाच चेंबर निर्वात करून हेलियम भरा. असं तीन-चार वेळा करा, मगच थंड करा. नमुना ठेवायच्या कॅप्सूलला सुईने भोक पाडायला विसरू नका, नाहीतर आतली हवा तशीच राहते.

प्रश्न : फोर-प्रोबने (दोन टोकांतून धारा, दुसऱ्या दोहोंवर व्होल्टेज) रोध मोजताना धारेची दिशा बदलली की वेगळा आकडा येतो. का?

उत्तर : दोन संपर्कांच्या तापमानातल्या फरकामुळे तापविद्युत व्होल्टेज मिसळतं. दोन्ही दिशांची व्होल्टेज मोजा, त्यांच्या फरकाचं अर्ध घ्या आणि धारेने भागा. मग धारा दुप्पट करून पाहा. रोध बदलला, तर नमुना तापतोय किंवा संपर्क ओहमिक नाहीत, म्हणजे त्यांत व्होल्टेज धारेच्या प्रमाणात वाढत नाही.