जुने प्रायमर वापरण्याआधी

प्रायमर म्हणजे काडतुसाच्या बुडाशी बसणारी, आतली बंदुकीची दारू पेटवणारी छोटी टोपी. त्यांच्या खोक्यावरचं वर्ष पाहून घाबरू नकोस. थंड, कोरड्या जागी, मूळ खोक्यात राहिलेले प्रायमर कित्येक दशकांनंतरही नीट पेटतात. त्यांना वय मारत नाही. दमट हवा आणि माळ्यावरची उष्णता मारते. म्हणून ते कुठे ठेवले होते, हे आधी विचार.

एक ट्रे उजेडात धरून बघ. पितळी कपावर हिरवट डाग किंवा पुठ्ठ्यावर ओल दिसली, तर सगळा लॉट बाजूला ठेव. चांगले वाटले तरी आधी दहाच काडतुसं भर, तीही फक्त सरावासाठी. चाप ओढल्यावर नुसतंच ‘टक्’ झालं, तर नळी निशाण्याकडे रोखून किमान 30 सेकंद थांब. बार उशिरा उडू शकतो, इथे घाई नकोच. आवाज दबका आला तर लगेच थांब, बंदूक रिकामी कर आणि गोळी नळीत अडकली नाही ना, ते तपास.

1950च्या आधीचे लष्करी प्रायमर असतील, तर त्यात बहुधा पोटॅशियम क्लोरेट असतं. त्याचा क्षार ओल धरतो, नळी गंजते. त्याच दिवशी गरम पाण्याने धू, पूर्ण वाळव, मग तेल लाव.

आणि सुटे प्रायमर बरणीत कधीच ओतू नकोस, एक पेटला की सगळे पेटतात.